‘कट्ट’ वाजलं आणि पाय बसला : खुबा, गुडघा, घोट्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करतो. तालमीतली पोरं, पेठेतले फुटबॉलवाले, रंकाळ्यावर पहाटे फेऱ्या मारणारे काका-मावशी, ऊसतोडीला आलेली माणसं, गाडी घसरून पडलेले कॉलेजचे विद्यार्थी, असे सगळे येतात. माणूस बदलतो, प्रश्न तेच राहतात. म्हणून एकदा बसून लिहून काढले. हे वाचून निदान होणार नाही. घरी कधी थांबायचं आणि दवाखाना कधी गाठायचा, एवढं कळलं तरी पुष्कळ.

कमरेखाली नेमके सांधे किती?

मोठे तीन. खुबा, गुडघा आणि घोटा. शिवाय एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे, पण ते सहसा आपल्या गणतीत नसतात.

तिघांची घडण वेगवेगळी, म्हणून त्यांचं मोडणंही वेगळं. खुबा म्हणजे खोल उखळात बसलेला गोळा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या खोबणीत जातं, खोबणीच्या काठाला कुर्चेची कड असते आणि बाहेरून जाडजूड बंध. हा सांधा सहजासहजी निखळत नाही. निखळला तर समजायचं, जोर फार मोठा होता.

गुडघ्याचं उलट आहे. मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर उभी. हाडांचा एकमेकांना आधार जवळपास नाहीच. सगळी भिस्त चार लिगामेंट, दोन गाद्या आणि आजूबाजूच्या स्नायूंवर. पुढून वाटी, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूच्या शिरेत बसलेलं एक सुटं हाड. तिच्यामुळे त्या स्नायूला पाय सरळ करायला जास्त जोर मिळतो.

घोटा सुतारकामासारखा. नडगी आणि तिच्या शेजारचं बारीक हाड मिळून वर एक खाच करतात, त्या खाचेत पावलाचं एक हाड नेमकं बसतं. हे हाड पुढून रुंद, मागून अरुंद. त्यामुळे पाऊल वर उचललेलं असताना सांधा घट्ट असतो आणि चवड्यावर उभं राहिलं की सैल. उडी मारून खाली येताना घोटा का मुरगळतो, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. उरलेलं अर्धं असं, की बाहेरचं घोट्याचं हाड आतल्यापेक्षा खाली उतरलेलं असतं. ते पावलाला बाहेर वळू देत नाही, आत मात्र सहज वळू देतं.

लिगामेंट, टेंडन, गादी, शीर... सगळं एकच का?

आपल्याकडे सगळ्याला ‘शीर’ म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. लिगामेंट हाडाला हाडाशी बांधतं. टेंडन स्नायूला हाडाशी बांधतं. गुडघ्यातली गादी म्हणजे दोन हाडांमध्ये बसलेली कुर्चेची चकती, डॉक्टर तिला मेनिस्कस म्हणतात. आतली इंग्रजी ‘सी’सारखी, बाहेरची जवळजवळ गोल. आणि ‘शीर चढली’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा स्नायूत गोळा आलेला असतो. तो पाणी पिऊन, ताण देऊन सुटतो. तुटलेलं लिगामेंट असं सुटत नाही.

घोटा मुरगळला. आधी काय करू? चोळून घेऊ का?

चोळू नका.

हे एवढंच लिहून थांबलो असतो, पण घरोघरी आजी आंबेहळदीचा लेप आणि तेलाची वाटी घेऊन तयार असते, म्हणून कारण सांगतो. मुरगळल्यावर घोट्याच्या बाहेरच्या अंगाचं लिगामेंट ताणतं किंवा फाटतं. तिथे तीन लिगामेंट आहेत आणि सगळ्यात पुढचं सगळ्यात आधी जातं. फाटलेल्या जागी बारीक रक्तवाहिन्याही फुटलेल्या असतात. त्यावर जोरानं चोळलं की रक्तस्राव वाढतो, सूज वाढते. लेप नुसता वरून लावला तर फारसं बिघडत नाही. बिघडवतो तो लेप लावणारा अंगठा.

पहिले दोन दिवस पायावर जोर कमी, पाय उशीवर छातीपेक्षा उंच, आणि बोटांपासून वर पोटरीपर्यंत क्रेपची पट्टी. पट्टी इतकीच घट्ट की बोटं निळी पडणार नाहीत. बर्फ फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ नसेल तर शेजारच्या रसाच्या गाड्यावर मागा, घोट्यासाठी म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. शेक आणि दारू या दोन्ही गोष्टी या दोन दिवसांत नकोत. दोन्हींनी सूज वाढते.

बर्फाबद्दल एक सांगतो. आराम, बर्फ, दाब आणि उंची हा चौकडीचा मंत्र 1978 साली अमेरिकेतल्या गेब मिर्किन या डॉक्टरांनी रूढ केला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी भरून येणं लांबूही शकतं. म्हणून मी बर्फ दुखणं कमी करण्यापुरता सांगतो, आणि तिसऱ्या दिवसापासून पाऊल वरखाली हलवायला लावतो. आठवडाभर खाटेवर पडून राहणारा माणूस चांगल्या घोट्याचाही कडक घोटा करून आणतो.

एक्स-रे काढायलाच हवा का?

दर वेळी नाही. कॅनडातल्या ओटावा शहरात 1992 साली डॉक्टरांनी यासाठी साधे नियम बसवले, ते आज जगभर वापरतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या 6 सेंमीत, बोटानं दाबल्यावर हाडावरच दुखतं का? पावलाच्या बाहेरच्या कडेवर करंगळीच्या रेषेत मध्यावर जो उंचवटा लागतो, तिथे दुखतं का? पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखतं का? दुखापतीनंतर लगेच आणि आता तपासताना, लंगडत का होईना, चार पावलं टाकता आली का? यातलं काही गडबडलं तर एक्स-रे. नाहीतर बहुधा हाड शाबूत आहे.

गुडघ्यासाठीचे नियम थोडे वेगळे. वय 55 किंवा जास्त, फक्त वाटीवर दुखणं, गुडघ्याच्या बाहेर खाली बारीक हाडाच्या डोक्यावर दुखणं, गुडघा काटकोनात न वळणं, चार पावलं न टाकता येणं. यातलं एकही असेल तर फिल्म काढा.

लहान मुलांना हे नियम जसेच्या तसे लावू नका. त्यांच्या हाडाच्या टोकाला वाढीची नरम पट्टी असते आणि ती लिगामेंटपेक्षा कच्ची. मोठ्या माणसाचं जिथे लिगामेंट ताणतं, तिथे पोराची वाढीची पट्टी तडकू शकते.

तोच घोटा वर्षात चार वेळा मुरगळतोय. बूट बदलू का?

बदला, पण दोष बुटाचा कमीच असतो. लिगामेंटमध्ये ‘पाऊल आता कुठे आहे’ हे मेंदूला कळवणारे बारीक संवेदक असतात. पहिल्या मुरगळण्यात तेही फाटतात. सूज उतरते, दुखणं जातं, पण ती बातमी मेंदूला उशिरा पोचते, तोवर पाऊल वळून गेलेलं असतं. उपाय फुकटचा आहे. एका पायावर उभं राहून दात घासायचे. जमलं की डोळे मिटून. मग उशीवर. महिना-दीड महिना रोज. लोकांना हा उपाय इतका साधा वाटतो की करत नाहीत. त्यांना मशीनचा करंट हवा असतो.

फुटबॉल खेळताना गुडघ्यात ‘कट्ट’ आवाज आला, दोन तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजला. काय झालं असेल?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून जरा लांब लिहितो.

गुडघ्याच्या ऐन मध्यात दोन लिगामेंट एकमेकांना फुली मारून जातात. पुढचं ते एसीएल, मागचं पीसीएल. एसीएल जेमतेम तीन-साडेतीन सेंमी लांब. नडगी मांडीखालून पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये, हे त्याचं काम. गंमत अशी, की ते तुटतं तेव्हा बऱ्याचदा समोरच्यानं हातही लावलेला नसतो. पळता पळता खेळाडू थांबतो, स्टडचा बूट जमिनीत रुततो, पाय जागेवर राहतो आणि अंग डॉज द्यायला फिरतं. तालमीत हेच टांग लावताना होतं. सगळं वजन उभ्या पायावर, आणि वरून कंबर फिरते.

आवाज, पुढे खेळता न येणं आणि दोन-चार तासांत भरणारी सूज, या तीन गोष्टी जमल्या तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत एसीएल तुटलंय असंच धरायचं. लवकर भरणारी सूज म्हणजे सांध्यात रक्त. रात्री झोपून सकाळी उठल्यावर दिसलेली सूज वेगळी, ती बहुतेक सांध्याचं पाणी असते आणि गादीकडे बोट दाखवते. म्हणून माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारतो तो ‘कुठं दुखतंय’ हा नव्हे. ‘सूज किती वाजता आली?’

माझं सांगतो. बावीस वर्षांचा होतो, गल्लीच्या संघात बॅक खेळायचो. उन्हाळ्यातलं दगडासारखं मैदान. वळलो आणि आतून कुणीतरी ओली फांदी मोडावी तसं झालं. पोरांनी उचलून एका हाडं बसवणाऱ्याकडे नेलं. त्यांनी पाय धरून एक झटका दिला, ‘बसला’ म्हणाले, तीन आठवडे लेप. खरंच तीन आठवड्यांत दुखायचं थांबलं. सरळ चाललो, पळालोसुद्धा. मला वाटलं झालं काम.

एसीएलचा कावा हाच. तुटलेलं टोक दुखत नाही, आणि सरळ रेषेत चालायला ते लागतही नाही. दीड महिन्यानं पुन्हा मैदानात उतरलो. पहिल्या अर्ध्या तासातच गुडघ्यानं दगा दिला. मग पुन्हा. आणि पुन्हा. दर वेळी मांडीचं हाड नडगीवर घसरत होतं आणि मधली गादी चिरडत होतं. शेवटी एमआरआय झाला तेव्हा लिगामेंट तर गेलेलंच होतं, जोडीला आतली गादीही फाटलेली. पहिल्या दिवशी माझ्यापाशी एक दुखापत होती, सहा महिन्यांनी दोन झाल्या. दुसरी मी स्वतः कमावली.

एसीएल तुटलं म्हणजे ऑपरेशन आलंच ना?

नाही. गुडघा दगा देत नसेल, आणि वळणं, उड्या, कुस्ती हे आयुष्यात नसेल, तर नीट व्यायामावर माणसं उत्तम जगतात. चाळिशीचा दुकानदार आणि विशीचा मल्ल यांचं तुटलेलं लिगामेंट तेच असतं, गरज वेगळी असते. मैदानात परतायचं असेल, गुडघा वारंवार सुटत असेल किंवा सोबत शिवण्याजोगी गादी फाटली असेल, तर ऑपरेशनकडे पारडं झुकतं.

ऑपरेशनमध्ये तुटलेलं लिगामेंट सहसा शिवत नाहीत. मांडीमागची किंवा वाटीखालची टेंडनची पट्टी काढून दुर्बिणीतून तिथे नवा दोर बसवतात. हा दोर बसवल्या दिवशी मजबूत असतो, पुढच्या दोन-तीन महिन्यांत उलट कमजोर होतो, कारण शरीर त्याला मोडून पुन्हा आपल्यासारखं घडवत असतं. नेमक्या याच काळात पोराला बरं वाटतं आणि ते वस्तादांना ‘आता उतरू का हौद्यात’ म्हणून विचारतं. उत्तर : नऊ महिन्यांच्या आत नाही. आणि नऊ महिने झाले म्हणूनही नाही. दुखऱ्या पायाची ताकद आणि उडी चांगल्या पायाच्या बरोबरीला आली का, हे मोजून मगच.

गुडघा मध्येच अडकतो, सरळ होत नाही.

गादीचा फाटलेला तुकडा दाराच्या फटीत पायपुसणं अडकावं तसा सांध्यात अडकतो. ओढून सरळ करायला जाऊ नका. ऊसतोडीच्या माणसांत मी हे बघतो. उकिडवं बसून तोडणी, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणं आणि वर अंग फिरवून मोळी टाकणं. वाकलेला गुडघा, वरून वजन आणि पीळ. गादी फाटायला एवढंच लागतं. चाळिशीनंतर तर नुसतं उकिडव्यावरून उठतानाही फाटते.

गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला, साधारण एक तृतीयांश भागाला, रक्तपुरवठा असतो. फाटलेलं तिथे असेल तर शिवलेलं जुळतं. आतल्या भागात ते अवघड. अडकत नसेल, नुसतं दुखत असेल, तर वय झालेल्या गादीसाठी मी आधी तीन महिने व्यायाम करायला सांगतो. एमआरआयमध्ये ‘टिअर’ शब्द दिसला की घाबरून जाऊ नका. पन्नाशीनंतर ज्यांचं काहीच दुखत नाही, अशा पुष्कळ लोकांच्या फिल्ममध्येही तो सापडतो.

कुस्तीत पट काढताना समोरच्यानं गुडघ्यावर बाहेरून अंग टाकलं. आतल्या बाजूला दुखतंय.

बहुधा आतल्या अंगाचं लिगामेंट, एमसीएल. चौघांत हे सगळ्यात गुणी. एकटंच गेलं असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय भरून येतं, कारण त्याला रक्तपुरवठा चांगला असतो. पट्टा आणि सहा आठवड्यांचा धीर. फक्त सोबत एसीएल किंवा गादी गेलेली नाही ना, ते तपासून घ्या, ही मंडळी जोडीनं जातात.

वाटी सरकली, आपोआप बसली. विसरून जाऊ का?

वाटी जवळजवळ नेहमी बाहेरच्या बाजूला सरकते आणि पाय सरळ केला की परत येते. पहिल्या वेळी एक्स-रे काढा, कारण येता-जाता कुर्चेचा टवका उडालेला असू शकतो. पोरींमध्ये आणि किशोरवयात हे जास्त दिसतं, आणि एकदा सरकलेली पुन्हा सरकण्याची शक्यता असते.

जोर-बैठका मारून गुडघे जातात का? वस्ताद म्हणतात नाही, डॉक्टर म्हणतात हो.

मी वस्तादांच्या बाजूचा. निरोगी गुडघ्याला हळूहळू वाढवत नेलेल्या बैठकांनी इजा होते, असं नाही. सांध्याची कुर्चा दाब आणि सुट्टी यांच्या आलटापालटीनंच पोसली जाते. तिला स्वतःची रक्तवाहिनी नाही. बैठका बंद केलेला गुडघा उपाशी राहतो.

पण दोन गोष्टी वस्तादही मान्य करतील. पहिली, आजारपणातून उठून पहिल्याच दिवशी पूर्वीचा आकडा गाठायचा नाही. दुसरी जास्त मोलाची. ज्या मल्लांचे गुडघे उतारवयात जातात, त्यांच्यातल्या अनेकांची मेहनत सुटलेली असते आणि खुराक मात्र तोच असतो. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. दहा किलो उतरवणारा माणूस दर पावलाला चाळीस किलोंचं पोतं खाली ठेवतो.

वाटीच्या मागे, जिना उतरताना दुखत असेल, तर खोल बैठका काही आठवडे अर्ध्यावर आणा. बंद करू नका.

गुडघ्यातलं वंगण संपलंय म्हणाले. पाया सूप प्यायलं तर वाढेल?

निरोगी गुडघ्यात हे पाणी असतंच मुळी दोन-चार मिली, चहाच्या चमच्याएवढंही नाही. ते ‘संपत’ नाही. झिजते ती कुर्चा. आणि पाया सूप पोटात जाऊन बाकीच्या प्रथिनांसारखंच पचतं, त्याला गुडघ्याचा पत्ता माहीत नसतो. आवडत असेल तर जरूर प्या, तांबडा-पांढराही ओरपा. औषध म्हणून नको.

एक मात्र, मटणाच्या जेवणानंतर मध्यरात्री पायाचा अंगठा लालभडक सुजला आणि चादरही टेकवेना, तर तो मुरगळलेला नाही. यूरिक ॲसिडचा प्रताप असण्याची शक्यता जास्त. चोळू नका, रक्त तपासा. आणि कुठलाही सांधा गरम, लाल आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना. सांध्यात पू झाला तर कुर्चा दिवसांच्या हिशेबात खराब होते.

मुलगा आठ वर्षांचा. गुडघा दुखतो म्हणून लंगडतो. गुडघ्याचा एक्स-रे तर चांगला आलाय.

खुबा तपासा. आजच.

खुब्याकडून येणारी एक नस गुडघ्यालाही शाखा देते, त्यामुळे खुब्याचं दुखणं पोराला गुडघ्यात जाणवतं. चार ते आठ वर्षांच्या वयात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा अडण्याचा एक आजार असतो, तर बारा-चौदाच्या आसपास, विशेषतः अंगानं भरलेल्या मुलांत, गोळा वाढीच्या पट्टीवरून घसरतो. दोन्हीकडे उशीर महाग पडतो. लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा चांगला निघाला तर पालक सुटकेचा श्वास टाकतात, मी तिथे जास्त सावध होतो.

दहा ते पंधरा वयाच्या खेळणाऱ्या पोराच्या वाटीखाली नडगीवर दुखरा टेंगूळ आला असेल, तर ते वेगळं. वाढत्या हाडावर टेंडनचा ओढा पडतो. खेळ थोडा कमी केला की वयाबरोबर जातं.

आजी न्हाणीघरात घसरली, उठता येत नाही. हाड मोडलंय की मार बसलाय, कसं ओळखायचं?

उताणं असताना दोन्ही पाय बघा. दुखरा पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला लवंडलंय? मग खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलंय असं समजून 108 ला फोन करा. उठवून ‘दोन पावलं टाकून बघ’ म्हणू नका.

मांडीच्या हाडाच्या मानेवरून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर वरचा गोळा जगतो. मान मोडली की त्या तुटतात आणि गोळा सुकू शकतो. म्हणून वयस्कर माणसात बऱ्याचदा गोळाच बदलतात. ‘या वयात ऑपरेशन नको’ हे वाक्य मी फार ऐकतो, बहुतेक वेळा आजीला न विचारता बोललेलं. खाटेवर पडून राहणं त्या वयात ऑपरेशनपेक्षा धोक्याचं आहे. छातीत कफ, पाठीला जखमा, पायात रक्ताची गुठळी. शक्यतो दोन दिवसांत ऑपरेशन करून आजीला उभं करावं.

गाडीच्या धडकेत उलट चित्र दिसतं. गुडघा डॅशबोर्डवर आदळला आणि पाय आखूड होऊन आतल्या बाजूला वळला, तर खुबा मागे निखळलाय. तो सहा तासांच्या आत बसवायचा असतो, भूल देऊन, दवाखान्यात. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या कडेला कुणी हौशी माणसानं ओढून नव्हे.

बॅडमिंटन खेळताना मागून कुणीतरी टाचेवर लाथ मारली असं वाटलं. वळून बघितलं तर कुणीच नाही.

टाचेमागची जाड शीर, अकिलीस टेंडन, तुटलीय. शरीरातलं हे सगळ्यात जाड टेंडन. आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी कोर्टवर असणारे तिशी-पन्नाशीतले पुरुष याचे नेहमीचे गिऱ्हाईक. पालथं झोपा, पाऊल खाटेबाहेर लोंबू द्या, कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. चांगल्या पायाचं पाऊल हलतं. तुटलेल्याचं ढिम्म हलत नाही. ‘बोटं हलतायत म्हणजे शीर चांगली’ हे खोटं, बोटं दुसऱ्या टेंडननी हलतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन गटातली अँटिबायोटिक सध्या किंवा नुकतीच घेतली असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. त्यांनी टेंडन कच्चं पडू शकतं.

हाडवैद्याकडे जाऊच नये का?

कोल्हापुरात हा प्रश्न नाजूक आहे. इथल्या तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या उतरलेले खांदे, लचकलेल्या कमरा हातानं सांभाळल्या आहेत आणि त्या हातांत अनुभव आहे, हे मी नाकारत नाही. साध्या लचकीला त्यांनी लेप लावून पट्टी बांधली तर माझं भांडण नाही.

भांडण दोन ठिकाणी आहे. फिल्म न बघता दिलेला झटका, आणि कामट्या लावून करकचून बांधलेली पट्टी. दुखापतीनंतर पोटरीतली सूज आत कोंडली तर स्नायूंचा रक्तपुरवठा थांबतो. बांधल्यावर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, बोटं हलवताना जीव जातोय असं वाटलं, मुंग्या आल्या, पाऊल गार पडलं, तर पट्टी तिथल्या तिथे कापा. ‘वैद्यांनी आठ दिवस सोडू नका सांगितलंय’ म्हणून थांबू नका. काही तासांत स्नायू मरतो आणि मग पाय वाचवण्याची वेळ येते. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात जा, खासगीत जा, पण रात्र काढू नका.

मोठ्या अपघातात गुडघाच निखळून आपोआप बसला असेल तेव्हाही हेच. बाहेरून साधा दिसतो, पण गुडघ्यामागची मुख्य धमनी फाटलेली असू शकते. पाऊल गार लागलं की पळा.

पावनखिंडीच्या मोहिमेत चढताना काही नाही, उतरताना गुडघा बाहेरून भयंकर दुखला.

उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतो, त्यात तो लवकर थकतो. मग मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारी जाड पट्टी हाडावर दाबली जाते आणि दुखायला लागतं. पावसाळ्यातल्या चिखलात पाय सांभाळताना आणखी. जुलैच्या मोहिमेची तयारी जूनच्या शेवटच्या रविवारी करू नका. दीड-दोन महिने आधीपासून जोतिबाच्या पायऱ्या, आणि चढण्याइतकंच उतरण्याकडे लक्ष. काठी घ्या, लाजू नका.

नी कॅप घातली की गुडघा सुरक्षित?

ऊब मिळते, धीर येतो. लिगामेंटचं काम ती करत नाही.

मग दुखापत टाळायला खरंच काही उपयोगी आहे का?

फुटबॉलसाठी आहे. ‘फिफा 11+’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. पळणं, एका पायावरचा तोल, मांडीमागच्या स्नायूचा व्यायाम, उडी मारून मऊ उतरणं. नियमित करणाऱ्या संघांत दुखापती साधारण एक तृतीयांशानं घटल्याचं दिसलं आहे. शाहू स्टेडियमवर मॅचआधी दोन मिनिटं जागेवर उड्या मारून पोरं उतरतात, त्याला वॉर्म-अप म्हणत नाहीत. उडी मारून खाली येताना गुडघे आत कोसळतात का, हे मोबाइलवर समोरून शूट करून बघा. कोसळत असतील तर ढुंगणाचे स्नायू कच्चे आहेत, तिथून सुरुवात करा.

कोल्हापुरी घालू की नको?

पाय चांगले असतील तर खुशाल घाला. सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकत असेल तर काही महिने नको. सपाट, कडक तळ आणि टाचेला मागून आधार नाही. ताज्या मुरगळलेल्या घोट्यालाही नकोच. करकर वाजणारी असेल तर निदान पेशंट येतोय ते मला आतून कळतं.

दाखवायला येताना काय आणू?

जुन्या फिल्म सगळ्या, नुसते रिपोर्टचे कागद नव्हेत. हाफ पँट, कारण घट्ट जीन्स गुडघ्याच्या वर जात नाही आणि मग अर्धा तास त्यातच जातो. रोजची पादत्राणं, ठेवणीतली नव्हे. झिजलेल्या तळाकडे बघून मला चाल कळते. दुखापत झाली तो क्षण मोबाइलमध्ये कुणी टिपला असेल तर सोन्याहून पिवळं, हल्ली प्रत्येक मॅचचं कुणी ना कुणी शूटिंग करतंच. सूज किती वाजता आली ते आठवून या. आणि येण्याआधी तेल लावून येऊ नका, टेप चिकटत नाही.